बॅटरीच्या गाडीला दुसरी बॅटरी : भागीदारी नको, पाळी लावा

गेल्या काही वर्षांत आमच्या मालेगावात बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्या गल्लीबोळांतून दिसू लागल्या आहेत. सुताच्या कोनी पोहोचविणारा, लूमचे सुटे भाग नेणारा, साड्यांचे गठ्ठे मागे बांधून खेड्यापाड्यांत फेरी करणारा, असे सर्व प्रकारचे धंदेवाले या गाडीकडे वळले आहेत. पेट्रोलचा खर्च वाचतो आणि देखभालही कमी लागते. परंतु तक्रार सगळ्यांची एकच असते : "गाडी चांगली आहे, पण परतीच्या वाटेवर बसते."

मग प्रत्येकाच्या मनात एकच उपाय येतो. एका बॅटरीत ३५ किलोमीटर होतात, तर दुसरी जोडावी म्हणजे ७० होतील. विचार वाटतो तितका चुकीचा नाही. मात्र 'जोडणे' या एका शब्दात फार मोठा धोका आहे. तो आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहोत. आमचा तजुर्बा आणि त्यानंतर जाणकारांकडून समजून घेतलेल्या गोष्टी व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे मांडत आहोत.

आमचे नुकसान कसे झाले?

आमच्या दुकानाची एक फेरी सटाणा रस्त्यावरील गावांत जाते. गाडी कमी वेगाची, ४८ व्होल्टची. सीटखाली १२ व्होल्ट, २४ अँपिअर-तासाच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. फेरी ३४ किलोमीटरची होती तोवर ठीक चालले. पुढे दोन गावे वाढली आणि फेरी ५० किलोमीटरवर गेली. आमचा पुतण्या फेरी करतो. आठवड्यातून दोनदा तो गाडी ढकलत घरी येऊ लागला.

आम्ही चार नव्या बॅटऱ्या घेतल्या, त्यांची पेटी पायदानावर बसविली आणि मिस्त्रीला सांगितले की, जुन्या संचाला ती जोडून दे. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. पेटी घरात नेऊन चार्ज करता यावी म्हणून मध्ये एक प्लग ठेवला. दोष मिस्त्रीचा नव्हता. घाई आमची होती आणि सांगणेही आमचेच होते.

दोन दिवस सर्व सुरळीत झाले. तिसऱ्या रात्री नवी पेटी घरात चार्ज झाली, पण गाडीतला जुना संच चार्ज करायचा राहून गेला. सकाळी पुतण्याने प्लग जोडला आणि तो निघाला. गावाबाहेर पडतो न पडतो तोच सीटखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला आणि पाठोपाठ धूर निघाला. वर साड्यांचा गठ्ठा बांधलेला होता, तोही एका लग्नघरचा, आगाऊ रक्कम घेतलेला. मुलाने आधी गठ्ठा ओढून फेकला, मग प्लग उपटला. त्याची दोन बोटे भाजली. वितळलेल्या तारेने गठ्ठ्याच्या खालच्या साड्यांना भोके पाडली. लग्नघरी दुसरा माल त्याच दिवशी पोहोचवावा लागला. बोटे बरी झाली आणि साड्यांची किंमतही भरून निघाली. परंतु गठ्ठा पेटला असता तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या मनातून जात नाही.

असे का झाले?

कारण समजायला सोपे आहे. भरलेल्या संचाचा दाब सुमारे ५१ व्होल्ट होता आणि रिकाम्याचा सुमारे ४६. म्हणजे ५ व्होल्टचा फरक. बॅटऱ्या आणि तारा यांचा मिळून अंतर्गत विरोध फारच थोडा असतो. तो एक दशांश ओहम धरला तरी ५ भागिले ०.१ म्हणजे ५० अँपिअर प्रवाह एका संचातून दुसऱ्यात धावतो. आमच्या गाडीचा कंट्रोलर मोटरला जास्तीत जास्त १५ अँपिअरच्या आसपास देतो आणि तार तेवढ्याच हिशेबाने घातलेली होती. ती तापणारच. दोन्ही बॅटऱ्या एका पातळीवर येईपर्यंत हा प्रवाह वाहतच राहतो, चावी बंद असली तरीही.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही असमान भागीदारी आहे. एकाच्या खिशात रोकड आहे आणि दुसरा कर्जात बुडालेला आहे. दोघांनी गल्ला एक केला तर धंदा सुरू होण्याआधीच पहिल्याची रोकड दुसऱ्याच्या देण्यात जाते. लिथियम बॅटरीत तर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. तिला आत येणाऱ्या प्रवाहाची ठरावीक मर्यादा असते. ती ओलांडली की आतील संरक्षक पट्टी, जिला बीएमएस म्हणतात, ती खराब होऊ शकते. पट्टी निकामी झाली की बॅटरीचा राखणदारच गेला असे समजावे.

आधी हिशेब, मग खरेदी

दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की वॅट-तास मिळतात. असे १,००० वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरील १ युनिट. आमची बॅटरी ४८ गुणिले २४, म्हणजे १,१५२ वॅट-तास.

परंतु हे सर्व हाती येत नाही. लेड-ॲसिड बॅटरीवर लिहिलेला आकडा बहुधा २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने असतो. गाडी तीच बॅटरी दोन-तीन तासांत रिकामी करते, तेव्हा साधारण दोन-तृतीयांशच पदरात पडते. आमच्या बाबतीत सुमारे ७७० वॅट-तास. माणूस आणि माल धरून कमी वेगाच्या गाडीला किलोमीटरला सुमारे २० वॅट-तास लागतात असे धरले, तर ३८ किलोमीटर होतात. जाहिरातीतील आकडा आणि रस्त्यावरील आकडा यांत फरक का पडतो, त्याचे उत्तर येथे आहे.

आता गरज पाहू. फेरी ५० किलोमीटरची, म्हणजे १,००० वॅट-तास. चढ, उलटा वारा आणि बॅटरीचे वाढते वय यांसाठी पाचवा हिस्सा जादा धरला की १,२०० होतात. हाती ७७० आहेत. म्हणजे तूट ४३० ची. ध्यानात घ्या, तूट पूर्ण बॅटरीची नाही, अर्ध्याहून थोडी जास्त आहे! आम्ही मात्र विचार न करता तेवढाच दुसरा संच उचलून आणला होता. चार लेड बॅटऱ्यांचे वजन २५ ते ३० किलो. म्हणजे गाडीवर एक गठ्ठा कायमचा चढला, आणि त्या वजनाचा माल कमी न्यावा लागला. ४८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी घेतली असती तर ५७६ वॅट-तास मिळाले असते आणि वजन पाच किलोच्या आसपास राहिले असते. लिथियममधून लिहिलेल्यापैकी बराच मोठा भाग प्रत्यक्ष वापरता येतो, त्यामुळे तूट तेवढ्यावर भागली असती.

आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा. पूर्ण चार्ज करून, नेहमीचा माल लादून, तीन वेगवेगळ्या दिवशी गाडी किती किलोमीटरवर मंद पडते ते लिहून ठेवा. तीनपैकी सर्वांत कमी आकडा खरा माना.

पहिली बॅटरी आजारी तर नाही ना?

पुष्कळदा दुसऱ्या बॅटरीची गरजच नसते. चार बॅटऱ्यांपैकी एक कमजोर झाली की चौघींचे काम थांबते, कारण त्या साखळीने जोडलेल्या असतात. परीक्षा सोपी आहे. फेरीवरून आल्यावर सीट उघडा आणि साध्या मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. तीन १२.२ व्होल्ट दाखवतात आणि चौथी ११.३ दाखवते, तर चोर सापडला. संच नवा आणि वॉरंटीत असेल तर ती एक बदलून घ्यावी. संच जुना असेल तर चारही बदलणे शहाणपणाचे, कारण जुन्या तिघींत नवी एक घातली तर तीही लवकर म्हातारी होते.

त्याचबरोबर टायरमधील हवा आणि चाकाला घासणारा ब्रेक पाहावा. चाक उचलून हाताने फिरवा. ते सहज फिरत राहिले पाहिजे. मऊ टायर आणि घासणारा ब्रेक रोज काही किलोमीटर खाऊन टाकतात, आणि दोन्हींची दुरुस्ती जवळजवळ फुकटात होते.

दुपारी एखाद्या गावी आपला दोन तास मुक्काम होत असेल तर तेथे चार्जर लावता येतो का, हेही पाहावे. ३ अँपिअरचा चार्जर दोन तासांत सुमारे ६ अँपिअर-तास भरतो. तेवढ्यात दहा-बारा किलोमीटरची सोय होते. आठवड्यातून दोनच दिवस लांब जावे लागत असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त. ओळखीच्या दुकानदाराला विजेचे पैसे द्यावेत. अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते, पण पैसे दिल्याने संबंध टिकतो.

दुसरी बॅटरी वापरण्याच्या रीती

एवढे करूनही तूट राहिली तर दुसरी बॅटरी अवश्य घ्यावी. ती वापरण्याच्या पुढील रीती आहेत.

१) सुटी बॅटरी बदलणे. दुसरी बॅटरी पेटीत सोबत न्यावी. पहिली संपली की गाडी थांबवून प्लग काढावा आणि दुसरीचा लावावा. दोन मिनिटांचे काम. यात दोन्ही बॅटऱ्या कधीच एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून ही रीत सर्वांत सुरक्षित. आम्ही आता हेच करतो.

२) चेंजओव्हर स्विच. एका बाजूला पहिली, दुसऱ्या बाजूला दुसरी आणि मध्ये 'बंद' अशी जागा असलेला स्विच बसवावा. मधली बंद जागा हवीच, म्हणजे बदलताना दोन्ही क्षणभरही जोडल्या जात नाहीत. गाडी थांबवून, चावी बंद करूनच स्विच फिरवावा.

३) दोन बॅटऱ्यांचे मॉड्यूल. यात डायोड किंवा तसे काम करणारे इलेक्ट्रॉनिक भाग असतात. प्रवाह बॅटरीतून बाहेर जाऊ शकतो, परंतु एकीतून दुसरीत शिरू शकत नाही. जिचा दाब जास्त ती आधी काम करते, आणि दोघी समान झाल्या की मिळून करतात. साधा डायोड १५ अँपिअरला बल्बसारखा तापतो. म्हणून पत्र्याला कसलेले, आपल्या गाडीच्या प्रवाहाहून मोठ्या क्षमतेचे मॉड्यूल घ्यावे. गाडी ब्रेक मारताना बॅटरी भरत असेल तर त्या भरण्याला मात्र हे मॉड्यूल अडवते.

४) सरळ जोड. आम्ही केली ती. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच बनावटीच्या, एकाच वेळी घेतलेल्या, दोन्ही पूर्ण भरलेल्या आणि मोजून पाहिल्यावर फरक अर्ध्या व्होल्टच्या आत, एवढे सर्व रोज जमत असेल तरच ही रीत चालते. धंद्याच्या धावपळीत ते रोज जमत नाही. म्हणून आमचा सल्ला आहे की, या वाटेला जाऊ नये. लेड आणि लिथियम यांची सरळ जोड तर कधीच करू नये.

आणखी एक गोष्ट. दोन संच एकापुढे एक साखळीने जोडू नयेत. त्याने दाब दुप्पट, म्हणजे ९६ व्होल्ट होतो. ४८ व्होल्टचा कंट्रोलर तो सहन करू शकत नाही आणि जागीच जळतो.

मोठ्या कारखानदारांनीही दोन बॅटऱ्या वापरल्या आहेत. जर्मनीच्या बॉश कंपनीची जी यंत्रणा सायकलींवर दोन बॅटऱ्या बसवू देते, तीत त्या आळीपाळीने वापरल्या जातात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये होंडाने जाहीर केलेल्या 'ॲक्टिव्हा ई' गाडीत दीड-दीड किलोवॅट-तासाच्या काढता येणाऱ्या दोन बॅटऱ्या आहेत. अशा गाड्यांत दोघींचा हिशेब ठेवणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसवून येते. बाजारातून घेतलेल्या तारेला तो हिशेब येत नाही.

जोडकामात काटकसर नको

दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज सारखाच असावा, ४८ ला ४८. वेगळ्या जातीची बॅटरी आळीपाळीने वापरताना गाडीवरील चार्ज दाखविणारा काटा खोटे बोलतो, कारण लिथियमचा दाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. तेव्हा काट्यावर नव्हे, किलोमीटरवर भरवसा ठेवावा.

तार तांब्याची, निदान ४ चौरस मिलिमीटरची असावी. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ वेगळा फ्यूज हवा. १५ अँपिअरच्या गाडीला २० ते २५ अँपिअरचा चालतो, परंतु तो ६० व्होल्ट किंवा अधिक डीसीसाठी बनविलेला असावा. मोटारीचा साधा पट्टी-फ्यूज ३२ व्होल्टचा असतो, तो येथे उपयोगाचा नाही. घरातील एसीचा स्विचही वापरू नये. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विचमधील ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी लांबते आणि स्विच आतून वितळतो.

पेटी घट्ट बांधावी, तिला हादरे बसू नयेत, पावसाचे पाणी शिरू नये. आणि पेटीवर किंवा तारांवर माल बांधू नये. ही चूक आम्ही केली होती.

चार्जिंग आणि कापडाचे दुकान

आपला धंदा कापडाचा, सुताचा. दुकानात तागे, कारखान्यात सुताची धूळ. एक ठिणगी पुरे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि तिच्या धुराने वरच्या लॉजमधील ८ माणसे दगावली. ज्वाळा खाली होत्या, मरण वर पोहोचले. आपल्याकडे खाली दुकान किंवा लूम आणि वर बिऱ्हाड, अशी घरे किती आहेत ते आपण जाणताच.

म्हणून बॅटरी गठ्ठ्यांच्या खोलीत, जिन्याखाली किंवा दारात चार्ज करू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. फरशीवर, भिंतीलगत, हवेशीर जागी ठेवावी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते, तेव्हा कोंदट खोली वर्ज्य. लेडचा चार्जर लिथियमला लावू नये आणि लिथियमचा लेडला. दोन बॅटऱ्या असतील तर दोन चार्जरांवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, कारण चार्जर लावणारा हात रोज एकाचा नसतो. उन्हातून आलेली तापलेली बॅटरी तासभर थंड होऊ द्यावी. फुगलेली, गळणारी किंवा आपटलेली बॅटरी घरात आणूच नये.

कायदा आणि वॉरंटी

ज्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि जिला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे, तिला नोंदणी व लायसन्स लागत नाही. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक. काही लोक ४८ च्या गाडीला ६० व्होल्टची बॅटरी लावतात. गाडी पळते हे खरे, पण वेगाची मर्यादा ओलांडली की ही सवलत जाते. अपघात झाला तर विनानोंदणी, विनाविमा गाडी चालविल्याचा ठपका चालकावर येतो.

नोंदणीच्या गाड्यांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. २०२२ मधील आगींनंतर अशा दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नोंदणीच्या गाडीला बाहेरची बॅटरी लावण्याआधी कंपनीचे लेखी उत्तर घ्यावे, विमा कंपनीलाही विचारावे. नोंदणी नसलेल्या गाडीतही तार कापली की बहुधा वॉरंटी जाते. वॉरंटीचा कागद आधी वाचावा, कात्री नंतर हाती घ्यावी.

थोडक्यात

पहिली बॅटरी तपासा. टायर आणि ब्रेक पाहा. फेरीचा हिशेब करून तूट काढा आणि तेवढीच बॅटरी घ्या. मुक्कामी चार्जिंग जमत असेल तर ते करा. दुसरी बॅटरी घ्यावीच लागली तर व्होल्टेज तोच, फ्यूज वेगळा, चार्जर वेगळा ठेवा, आणि वापर एकीमागून एक करा.

आपण लूमवाले आहोत, आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये. एका लूमवर दोन कारागीर एकाच वेळी हात घालत नाहीत. एक दिवसपाळी करतो, दुसरा रातपाळी. एक उठल्यावर दुसरा उभा राहतो. कापड अखंड निघत राहते आणि भांडणही होत नाही. दोन बॅटऱ्यांचेही तसेच आहे. आमचा पुतण्या आता ५० किलोमीटरची फेरी करतो, अर्ध्या वाटेवर सावलीला थांबून प्लग बदलतो आणि दिवे लागणीच्या आत घरी येतो. गठ्ठा सीटवर नाही, मागच्या कॅरिअरवर बांधलेला असतो.